तुणतुण्याची वही

१४ एप्रिल

नातीच्या शाळेत २६ जूनला, शाहू जयंतीला, पोवाडा आहे. डफ मिळाला, ढोलकी मिळाली, तुणतुणं कुणाकडं नाही. बाईंनी वर्गात विचारल्यावर आमच्या पोरीनं हात वर केला. "आमचे आबा करून देतील, त्यांना लाकडातलं सगळं येतंय." मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. पंपाची केसिंगं, व्हॉल्व्हच्या बॉड्या, गिअर, असल्या ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, केले. वाद्य एकही नाही. पण पोरीनं शब्द देऊन टाकलाय. एक काठी, एक खुंटी, एक तार. पंधरा दिवसांत होईल असा अंदाज लिहून ठेवतो.

१६ एप्रिल

शिवाजी पेठेत एक जुने झीलकरी राहतात. शाहिराच्या मागं उभं राहून 'जी जी जी' ओढणारे ते झीलकरी. डफ शाहिराच्या हातात, तुणतुणं झीलकऱ्याच्या. मी त्यांना मामा म्हणतो, तेही मला मामाच म्हणतात. त्यांचं तुणतुणं माळ्यावर पोत्यात होतं. खोडाला भुंगा लागलाय, हात लावला की पीठ पडतं, नाहीतर तेच मागून आणलं असतं.

खोड आंब्याचं, एका ओंडक्यातून कोरलेलं. उंची २२ सेंटीमीटर, तोंड १५. वरून उघडं, खालून मढवलेलं. खोडाला बाहेरून काठी ठोकलेली, वर हातभर गेलेली, टोकाजवळ खुंटी. तार कातड्याच्या बरोबर मध्यातून निघते, खोडाच्या पोटातून तिरकी वर येते आणि खुंटीला गुंडाळते. घोडी नाही, पडदे नाहीत. तारेचा खालचा आधार म्हणजे ते कातडंच. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा, तबली, घोडी, जवारी, मणके एवढा संसार असतो. तो सगळा काढून टाकला की तुणतुणं उरतं.

मी व्हर्निअर काढून मापं घ्यायला लागलो तर मामा हसले. "मापं कसली घेतासा? कातडं बघा, कातडं."

मी कातड्याचंही माप घेतलं. ०.६ मिमी.

१९ एप्रिल

ओंडका कोरायचा नाही असं ठरवलं. अख्ख्या ओंडक्यात गाभा येतो, आणि गाभा आला की आज ना उद्या चीर पडणार. लाकूड वाळताना घेराच्या दिशेनं जेवढं आखडतं त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आखडतं, सागातसुद्धा. मग ते कुठंतरी फाटूनच हिशेब पुरा करतं. आमच्या धंद्यात गोल पॅटर्न कधी ओंडक्यातून काढत नाहीत. पिपासारख्या पट्ट्या जोडतात. तसंच करणार.

लाकूडही घरचंच. एका पंपाचा रद्द झालेला पॅटर्न तीस वर्षं माळ्यावर पडून आहे. साग, लाल रंग दिलेला. इतका मुरलाय की आता हालायचं नाव घेणार नाही. करवत मारली तर तेलाचा वास अजून आला.

हिशेब: १२ पट्ट्या. पूर्ण वर्तुळ ३६०, म्हणजे प्रत्येक सांध्याला ३०, म्हणजे प्रत्येक कडेला १५ अंश. बाहेरची रुंदी ४० मिमी. जाडी १२.

२१ एप्रिल

पट्ट्या तासल्या. कोन तासायचा रंधा हातात असताना १५ अंश म्हणजे काही फार नाही असं वाटतं. पण कडा चोवीस आहेत. प्रत्येक कडेला अर्ध्या अंशानं हात चुकला की शेवटी बारा अंशांची फट तोंड वासून बसते. पहिल्यांदा जमिनीवर मांडून टेपनं गुंडाळलं तर नखभर फट राहिली. दोन पट्ट्या पुन्हा केल्या.

२६ एप्रिल

फेव्हिकॉल लावून चिकटवलं. असल्या गोल कामाला शिकंजा चालत नाही. स्कूटरची जुनी ट्यूब लांब कापून घट्ट लपेटली. ती सगळीकडून सारखी दाबते. रात्रभर तसंच.

१ मे

बाहेरून रंधा मारून बारा बाजू गोल केल्या. आतून रंधा जात नाही, तिथं गोल पटाशी, मग फुटक्या काचेनं खरवडणं. काच फुटकी पाहिजे, पॉलिशपेपर नको, हे आमच्या मिस्त्रींनी शिकवलं होतं. काच लाकडाचे तंतू कापते, कागद नुसता घासतो.

मामांना दाखवायला नेलं. हातात घेऊन म्हणाले, "भरगच्च झालंय की हो. उभं राहून तासभर धरायचंय, माहीत हाय न्हवं?" वजन केलं, ७४० ग्रॅम. पोरगी पाचवीत आहे. पॅटर्न जाड ठेवायची सवय हातातून जात नाही. फौंड्रीत तो वाळूत ठोकला जातो, तिथं मजबुती लागते. परत आणून जाडी ७ मिमीवर आणली, वजन ४५० झालं. दोन दिवस गेले, खांदा दुखतोय.

५ मे

काठी. बुरुडाकडून भरीव मेसकाठी आणली, लाठीला वापरतात ती. ७५ सेंटीमीटर. पोकळ कळक घेतला असता तर खुंटीच्या भोकाला चीर गेली असती. काठी खोडाला दोन पितळी स्क्रूंनी बसवली. मामांच्या तुणतुण्याला खिळे आहेत. खिळा हलतो, स्क्रू धरतो. याबाबतीत मी त्यांचं ऐकणार नाही.

९ मे

खुंटी शिसवीची. तिला निमुळतेपण पाहिजे, म्हणजे भोकात बसून रुतते आणि तार ओढली तरी फिरत नाही. वर्कशॉपमध्ये टेपर पिनसाठी निमुळतं भोक करायचा रीमर असतो, पन्नासाला एक उताराचा. ओळखीच्या पोरानं तो आणून दिला. भोक झकास झालं. खुंटी बसवली, फिरवली, आणि ती तिथंच रुतून बसली. काढायला मारतूल लागला. उतार कमी असला की पाचर जास्त आत जाते आणि जास्त घट्ट धरते. मशीनच्या पिनला तेच हवं असतं, खुंटीला नको. व्हायोलिनच्या खुंटीला तिसाला एक उतार ठेवतात असं कळलं. मग लाकडाच्या निमुळत्या दांड्यात हॅकसॉ ब्लेडचा तुकडा बसवून स्वतःचा रीमर केला. आता फिरते आणि थांबते. फिरायला जड वाटली तर साबण, सटकायला लागली तर खडू. दोन्ही घरात आहेत.

१२ मे

कातडं. इथं माझी फजिती झाली ती लिहून ठेवलीच पाहिजे. कोल्हापुरात कातड्याला काय तोटा, असं म्हणून सरळ चपलावाल्या ओळखीच्या घरी गेलो आणि बकऱ्याच्या चामड्याचा छान पातळ तुकडा घेऊन आलो. तो घेऊन हलगी मढवणाऱ्याकडं गेलो, म्हटलं एवढं ताणून द्या. त्यानं तुकडा कानाजवळ नेऊन टिचकी मारली. "ह्याची चप्पल करा," म्हणाला.

कमावलेलं चामडं आणि वाद्याचं कातडं यांत जमीन-अस्मानाचा फरक. चामडं कमावताना झाडाच्या सालीचा, हिरड्याचा अर्क आत मुरवतात. मग ते मऊ होतं, पाण्याला दाद देत नाही, आणि वाळल्यावर ताठही होत नाही. वाजायला कातडं ताठ लागतं. त्याला कच्चंच लागतं, चुन्यात टाकून केस काढलेलं आणि ताणून वाळवलेलं. ते चर्मपत्रासारखं कडक होतं आणि टणटण बोलतं. पण जे कमावलेलं नाही ते पाणीही ओढून घेतं. हे त्यानं मला सांगितलं आणि मी मान डोलावली. कानात शिरलं नाही.

त्याच्याकडूनच बकऱ्याच्या कच्च्या कातड्याचा तुकडा घेतला. एकावर एक फुकट.

१४ मे

कातडं दोन तास पाण्यात भिजवलं. ओलं असताना ते लोळागोळा, ओल्या पापडासारखं. खोडाच्या कडेला फेव्हिकॉल, वर कातडं ओढून बाहेरून सुतळी करकचून, सुतळीखाली चोवीस चुका ठोकल्या. बारक्या खिळ्यांना आम्ही चुका म्हणतो, नाव अगदी बरोबर ठेवलंय. सावलीत वाळायला ठेवलं. उन्हात ठेवलं तर एका बाजूनं आधी आखडून फाटतं.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शेकडा एक आखडतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, त्यासाठी आमच्याकडं वेगळी मोजपट्टीच असते. कातड्याची तसली पट्टी कुठं मिळते का, विचारायला पाहिजे.

१७ मे

वाळलं. टिचकी मारली, आवाज असा आला की स्वयंपाकघरातनं हिनं विचारलं काय पडलं.

मध्ये बारीक भोक पाडलं, तार ओवली, बाहेरून तांब्याचा वॉशर. सितारीच्या बाजाची पोलादी तार, ०.३० मिमी. खुंटी फिरवायला सुरुवात केली. आवाज चढत गेला, पोरगी टाळ्या वाजवायला लागली, आणि फाट्‌. वॉशर कातड्यातून आरपार. भोकाच्या कडेला वॉशरची धार घासत होती.

दुसरा तुकडा होता म्हणून बरं. त्या माणसानं तो फुकट का दिला होता ते आता कळलं.

२१ मे

दुसऱ्या कातड्याला मध्यभागी, आतून आणि बाहेरून, रुपयाएवढी दोन ठिगळं लावली, त्याच चपलेच्या चामड्याची. शेवटी उपयोग झाला. वॉशरच्या कडा कानशीनं गोल केल्या. ताण आता ठिगळावर पसरतो.

मुली हार्मोनियमच्या काळी पाचमध्ये गाणार, म्हणजे सा २३३ हर्ट्झ. तारेची लांबी ६२ सेंटीमीटर. लांबी, जाडी आणि सूर ठरला की ओढ ठरतेच, त्यात मनाचं काही चालत नाही. हिशेब केला, पावणेपाच किलो निघाली. तार त्याच्या तिप्पट सहज सोसते. कातड्याला मात्र रात्रंदिवस पावणेपाच किलोचं ओझं मधल्या एका टिचभर जागेवर तोलायचंय.

२४ मे

लागलं! नातीच्या आईच्या मोबाईलवर सूर दाखवणारं अ‍ॅप आहे, त्यात हिरवी रेघ आली. मधाळ नाही, कडक आणि थोडं नाकातलं, अगदी हवं तसं. मामांना फोनवर ऐकवलं. "व्हय, हेच," म्हणाले. "आता पाऊस यिऊ दे."

२५ मे

संध्याकाळी वळीव झोडपून गेला. रात्री बघितलं तर सूर हार्मोनियमच्या दीड पट्टीनं खाली. खुंटी सटकली असेल म्हणून खडू लावला.

३० मे

खुंटी नाही. खुंटीवर आणि काठीवर पेन्सिलची खूण केली होती, दोन्ही खुणा समोरासमोर आहेत. काठी वाकलेली नाही. सूर परत उतरलाय, परवाच्या उन्हात चढला होता.

९ जून

मिरग लागला आणि पावसानं जोर धरला. चार दिवस कपडे वाळत नाहीत.

आता शिस्तीत बघायचं ठरवलं. तीन दिवस खुंटीला हात लावायचा नाही. खोड उलटं ठेवून कडेवर डेप्थ गेज टेकवायचं आणि कातडं मध्यभागी किती आत ओढलं गेलंय ते रोज मोजायचं. आज ३.१ मिमी, सूर काळी पाच.

१० जून

३.४ मिमी. सूर पांढरी सहाच्याही खाली.

११ जून

३.६ मिमी. सूर काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठंतरी लोंबकळतोय. पाऊस चालूच.

रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. पोलादी तार पावणेपाच किलोनं ओढली की किती लांबते? ६२ सेंटीमीटरच्या तारेला फक्त दोन मिलिमीटर. त्या दोन मिलिमीटरांत सगळा सूर आहे. म्हणजे तारेचं खालचं टोक अर्धा मिलिमीटर वर सरकलं की ओढीचा चौथा हिस्सा गेला, आणि सूर अडीच पट्ट्यांनी खाली. पाव मिलिमीटरला एक पट्टी, साधारण. गेजवरचे आकडे आणि हार्मोनियम बरोबर जुळतात. इतका नेमका हिशेब मला वर्कशॉपमध्येही क्वचित लागला असेल.

मी खोडाची कड अर्ध्या मिलिमीटरात गोल केली, स्क्रू पितळेचे लावले, उतार तिसाला एक ठेवला, आणि सूर कोण ठरवतंय तर हवेतलं पाणी पिणारं ०.६ मिमीचं कातडं. "मापं कसली घेतासा" याचा अर्थ आत्ता लागला, पण मी म्हणतो, माप घेतलं नसतं तर लागलाच नसता.

१३ जून

उपाय एक: कातडंच नको. हलग्या आता प्लास्टिकच्या पानाच्या येतात, मिरवणुकीत भर पावसात वाजतात. तसलं पान एका जुन्या डब्याला बसवून तार ओढली. सूर दोन दिवस जागचा हलला नाही. पण आवाज! रिकाम्या तेलाच्या डब्यावर रबर ताणल्यासारखा. नात म्हणाली, "आबा, हे नको, हे खोटं वाजतंय." विषय संपला.

१५ जून

उपाय दोन, आणि हा मला फार आवडला होता. एम-फोरच्या बोल्टचा आटा ०.७ मिमीचा असतो, म्हणजे नट एक तृतीयांश फिरवला की जवळपास पाव मिलिमीटर, म्हणजे एक पट्टी. कातड्याखाली तारेला बारका स्टड जोडायचा, त्यावर नट. सूर उतरला की नट तिसरा हिस्सा फिरवायचा, पुरे. दुपारभर लेथवर बसून बनवला. काय देखणा झालाय.

लावला. सूर बरोबर यायचा, अगदी सांगितल्याप्रमाणे. पण आवाजातली ती कडक धार गेली, घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला. स्टड आणि नट मिळून ६ ग्रॅम. नुसतं कातडंच दहा-बारा ग्रॅमचं असेल, त्याच्या ऐन मध्यावर हे सहा ग्रॅम बसले की ते हलायलाच आळस करतं. ॲल्युमिनियमचा करू का, असं मनात आलं. मामांना विचारलं.

"तुणतुण्याला नटबोल्ट? ट्रॅक्टर हाय व्हय ते?"

स्टड काढून ठेवला. देवघराच्या फळीवर आहे, टाकवत नाही.

१७ जून

मामांकडं नातीला घेऊन गेलो. त्यांनी वाद्याकडं बघितलंसुद्धा नाही, तिलाच समोर बसवलं. काठी खांद्याला टेकवायला लावली, खोड कुशीत. एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं खुंटी कशी रेटत फिरवायची, ते दाखवलं. नुसती फिरवली तर सटकते, आत दाबत फिरवायची. मग स्वतः सा लावून धरला, ८० च्या पुढचं वय, पण आवाज भिंतीसारखा उभा. "माझ्याकडं ऐक. तुझं खाली हाय का वर?" पोरगी ऐकते, फिरवते. अ‍ॅप बघायला बंदी.

शेवटी मला म्हणाले, हलगीवाले वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, ढोलकीवाले ऊन दाखवतात, तुम्ही काय फ्रिजमध्ये ठेवून वाजवणार व्हय? वाजवायच्या आधी अर्धा तास ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब वीतभर अंतरावर, कातड्याच्या बाजूनं. जवळ नाही, ठिगळ सुटतं.

२० जून

बल्बचा प्रयोग. आधी ३.७ मिमी, अर्ध्या तासानंतर ३.२. गार झाल्यावर वीस मिनिटांत हळूहळू परत उतरायला लागतं. म्हणजे पोवाड्यापुरता वेळ मिळतो, थोडा कमी पडतो.

घरी सगळे वैतागलेत. "दोन महिने याचं एकच तुणतुणं," असं ही शेजारणीला सांगत होती. तेवढं तरी खरं बोलली.

२३ जून

चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश, खोडाला फक्त, तीन हात. कातड्याला नाही. जुन्या पॅटर्नचा लाल रंग एका पट्टीच्या आतल्या बाजूला थोडा राहिलाय, तो तसाच ठेवला.

२६ जून

सकाळपासून धो धो. दसरा चौकातली मिरवणूकही छत्र्यांखालूनच गेली असणार. शाळेच्या हॉलमध्ये बल्बसाठी प्लग शोधायला मला पंधरा मिनिटं लागली, शिपायानं मला विजेचा माणूस समजून पंखाही बघायला सांगितलं. बघितला, कपॅसिटर गेलाय.

पोरींनी सुरुवात केली तेव्हा सूर पक्का होता. पोवाड्याच्या दुसऱ्या चौकाला, म्हणजे कडव्याला, मला मागच्या रांगेत कळलं की उतरायला लागलंय. अर्धी पट्टी, मग जास्त. डेप्थ गेज खिशात होतं, उगीचच. मी उठून पुढं जाणार तेवढ्यात बाकीच्या पोरींनी 'जी जी जी' ची लांब तान धरली. आमची ढिम्म उभी. तार छेडत राहिली, मान थोडी वाकडी केली आणि दुसऱ्या हातानं खुंटी आत दाबत किंचित फिरवली. एकदा जास्त झालं, मागं घेतली. तान संपायच्या आत सूर जागेवर होता. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, छान वाजवते हो, नुसतं टुणटुण तर असतं. मी काही बोललो नाही.

मामांना पावसात आणणं शक्य नव्हतं. फोन चालू ठेवून समोरच्या बाकावर ठेवला होता. रात्री त्यांचा फोन आला. "दुसऱ्या चौकाला चढीव लावलं तिनं. बरं केलं, तान वर जात होती."

मला वाटलं होतं ती जास्त झालेली मागं घेतली. तिला विचारलं. म्हणाली, "नाही आबा, थोडं वर ठेवलं. मग आपोआप खाली येतंयच की."

२८ जून

तुणतुणं स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या बाजूला खिळ्याला टांगलंय, तिथं कोरडं राहतं. हिला पसंत नाही, फोडणीचा धूर बसतो म्हणे. नवरात्रात एका गोंधळ्यानं बघायला येतो म्हणून सांगितलंय. तोवर माळ्यावरच्या पॅटर्नमधून अजून बारा पट्ट्या निघतात का, ते मोजून ठेवायचं आहे. या वेळी जाडी सुरुवातीपासून ७.